जुलाबात पोटॅशियम 2.9, पंधरवड्यात 5.8 : गोळ्या त्याच, मग बदललं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील 72 वर्षांचे, वजन 52 किलो. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला, हृदयाचं पंपिंग 30 टक्के. रोज फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोनची एकत्र गोळी, रॅमिप्रिल, मेटोप्रोलॉल, शिवाय डिगॉक्सिनची अर्धी गोळी आठवड्यातून पाच दिवस. मे महिन्यात तीन दिवस जुलाब-उलट्या झाल्या. पोटॅशियम 2.9 आलं, गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावून पोटॅशियमचं सिरप लिहून दिलं. पंधरा दिवसांनी कार्डिओलॉजिस्टकडे दाखवलं तर पोटॅशियम 5.8, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 1.3 वरून 1.7. त्यांनी एकत्र गोळी बंद करून नुसती फ्युरोसेमाइड दिली. भाऊ म्हणतो, एक डॉक्टर वाढवा म्हणतो, दुसरा कमी करा म्हणतो, ऐकायचं कुणाचं? शेजारचे रोज शहाळं द्या म्हणतात. तुम्हाला प्रश्न पडलाय की या गोळ्या मुळात सुरक्षित आहेत का, आणि डिगॉक्सिन तरी बंद करावी का.

या सगळ्यात जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय: सिरप पाच दिवसांचं होतं, पण अशक्तपणाला बरं म्हणून दुसरी बाटली आणली, ती चालू आहे, दिवसातून तीनदा पंधरा मिली.

आधी तातडीचं. ते सिरप आजच थांबवा आणि कार्डिओलॉजिस्टना फोन करून सांगा की ते चालू होतं. त्यांना बहुतेक हे माहीतच नाही. नेहमीच्या पोटॅशियम क्लोराइड सिरपच्या पंधरा मिलीत 20 मिलिइक्विव्हॅलंट (हे पोटॅशियम मोजायचं एकक) पोटॅशियम असतं, म्हणजे वडिलांच्या पोटात रोज 60 जातंय. जुलाब चालू असताना ते औषध होतं. आता नाही, आणि टॉनिक तर ते कधीच नव्हतं. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासून घ्या. 5.8 आलं त्या दिवशी ईसीजी काढला नसेल तर तोही आजच काढा. बाकीचं निवांत वाचलं तरी चालेल.

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. पंपिंग कमी असलेल्या पेशंटांचे असे वर-खाली जाणारे रिपोर्ट उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे पोट बिघडायच्या दिवसांत, जास्त बघायला मिळतात. तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत. पहिल्यांनी 2.9 वर उपचार केला, दुसऱ्यांनी 5.8 वर. मधल्या पंधरा दिवसांत शरीराची अवस्था बदलली, औषधं मात्र जुलाबाच्या दिवसांचीच चालू राहिली. त्यामुळे गोळी सुरक्षित आहे का यापेक्षा ती कोणत्या दिवशी, किडनीच्या कोणत्या अवस्थेत सुरक्षित आहे, असं विचारायला हवं.

रक्तातलं पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 असावं. शरीरातलं जवळजवळ 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रिपोर्टमध्ये दिसतं ते बाहेरचं उरलेलं. या आतल्या-बाहेरच्या फरकावरच हृदयाच्या पेशींमधला विजेचा खेळ चालतो. म्हणून सोडियम 140 चं 135 झालं तर पेशंटला सहसा काही जाणवत नाही, पण पोटॅशियम 4 चं 6 झालं की ठोक्यांची लय बिघडू शकते. हृदयाच्या पेशंटमध्ये आम्ही ते 4 ते 5 मध्ये ठेवायला बघतो.

आता वडिलांच्या गोळ्या बघा. फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी, ती लघवीवाटे पोटॅशियम बाहेर काढते, सोबत मॅग्नेशियमही. स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिल पोटॅशियम धरून ठेवतात. बऱ्या दिवसांत ही ओढाताण बरोबरीत सुटते आणि किडनी उरलासुरला हिशेब जुळवते. जुलाब लागले की पोटॅशियम शौचावाटे जातं, उलट्या झाल्या की लघवीतूनही जास्त जातं, वरून फ्युरोसेमाइड चालूच. झालं 2.9. त्याच वेळी अंगातलं पाणी कमी होतं, बीपी उतरतं, किडनीला रक्त कमी पोचतं, आणि रॅमिप्रिल चालू असेल तर किडनीला स्वतःचा दाब सांभाळणं आणखी अवघड होतं. क्रिएटिनिन चढतं. पुढे जुलाब थांबतात, वडील जेवायला लागतात, पोटॅशियम बाहेर जायचा रस्ता बंद होतो. किडनी अजून सावरलेली नाही, धरून ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू, आणि वरून रोज 60 ची भर. यात 5.8 वरच थांबलं हे नशीब म्हणायचं.

क्रिएटिनिन 1.3 हा आकडा दिसायला साधा वाटतो, कुणी त्याकडे फारसं बघत नाही. पण वय 72 आणि वजन 52 धरून नेहमीच्या सूत्राने हिशेब केला तर किडनीचा क्लिअरन्स, म्हणजे रक्त गाळायचा वेग, मिनिटाला 38 मिलीच्या आसपास येतो. 1.7 ला तो 29 होतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि बारीक, वयस्कर माणसाच्या अंगात स्नायूच कमी असतात. त्यामुळे किडनी निम्मी झाली तरी आकडा फारसा हलत नाही. तुमच्या प्रश्नात वजन लिहिलं होतं म्हणून हे सांगता आलं. बरेच जण लिहीत नाहीत.

डिगॉक्सिनबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण भीती तिची जास्त आहे आणि त्यात तथ्यही आहे. 1785 साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांबद्दल लिहिताना जास्त डोसची लक्षणं नोंदवून ठेवली होती: मळमळ, उलट्या, गरगरणं, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसणं, नाडी फार मंद होणं. डिगॉक्सिन त्याच जातीच्या झाडातून येते आणि लक्षणं आजही तीच आहेत. ही गोळी हृदयाच्या पेशीवरच्या सोडियम-पोटॅशियम पंपाला चिकटते. बाहेरचं पोटॅशियम त्याच जागेसाठी तिच्याशी स्पर्धा करत असतं. पोटॅशियम कमी झालं की स्पर्धक हटतो आणि डिगॉक्सिनची पकड घट्ट होते. म्हणजे डोस तोच, रक्तातली पातळीही नॉर्मल, तरी विषबाधा होऊ शकते. मॅग्नेशियम कमी असेल तर हे आणखी सोपं होतं.

जुलाबात तिहेरी अडचण होते. पोटॅशियम उतरतं, मॅग्नेशियम उतरतं, आणि डिगॉक्सिन शरीराबाहेर टाकण्याचं काम मुख्यतः किडनीचं असल्यामुळे ती साठायला लागते. त्यात मळमळ आणि जेवण नकोसं होणं हे डिगॉक्सिन जास्त झाल्याचं पहिलं लक्षण, आणि पोट बिघडल्याचंही तेच. घरच्यांना वाटतं अजून पोट बरं झालेलं नाही. जुलाब थांबून दोन-तीन दिवस झाले तरी डिगॉक्सिन घेणारा माणूस ताटाकडे बघून तोंड फिरवत असेल, तर मी नाडी मोजते, ईसीजी काढते आणि पातळी तपासायला पाठवते.

पातळी तपासण्यातही एक मेख आहे. गोळी घेतल्यावर निदान सहा तास गेल्याशिवाय नमुना देऊ नये. सकाळी नऊला गोळी आणि दहाला रक्त दिलं तर आकडा खोटा जास्त येतो. सगळ्यात सोपं म्हणजे सकाळच्या गोळीआधी रक्त द्यायचं. हार्ट फेल्युअरमध्ये आम्ही ती मिलीला 0.5 ते 0.9 नॅनोग्रॅमच्या दरम्यान ठेवतो, जुन्या रिपोर्टवर छापलेली 2 पर्यंतची मर्यादा या पेशंटांसाठी फार ढिली आहे.

मग डिगॉक्सिन बंद करायची का? पंपिंग कमी आहे पण लय नियमित आहे अशा माणसात ती आयुष्य वाढवत नाही, हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण कमी करते. त्यामुळे क्लिअरन्स 29 असताना काही दिवस ती थांबवू या का, हा प्रश्न कार्डिओलॉजिस्टना विचारायला अगदी योग्य आहे, आणि ते हो म्हणतील असा माझा अंदाज आहे. वडिलांना एट्रियल फिब्रिलेशन असेल, म्हणजे ठोके अनियमित असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे ती वेग आवरायला दिलेली असू शकते. तुम्ही हे लिहिलेलं नाही, म्हणून इथून निर्णय सांगत नाही.

जुलाबाच्या वेळी दिलेली चिठ्ठीही शोधून ठेवा. आपल्याकडे जुलाब-उलट्यांना ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची गोळी आणि उलटीसाठी ऑनडॅन्सेट्रॉन हे जणू ठरलेलंच असतं. कधी पित्तासाठी डॉमपेरिडोन असलेली कॅप्सूलही जोडीला. ऑफ्लॉक्सासिन, ऑनडॅन्सेट्रॉन आणि डॉमपेरिडोन ही तिन्ही ईसीजीवरचं क्यूटी अंतर, म्हणजे हृदयाला प्रत्येक ठोक्यानंतर पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबवू शकतात. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी असलं की तेही लांबतं. दोन्ही एकत्र आली तर टोर्साद दे प्वाँत नावाची लय सुरू होऊ शकते. फ्रेंच डॉक्टर फ्रान्स्वा देसर्तेन यांनी 1966 मध्ये तिचं वर्णन केलं. ईसीजीवर ती पिळलेल्या रिबिनीसारखी दिसते, आणि माणूस चक्कर येऊन पडतो. तुमच्या वडिलांना अमिओडॅरोन किंवा सोटॅलॉल ही ठोक्यांची लय सांभाळणारी, पण क्यूटी लांबवणारी गोळी नाही, त्यामुळे त्यांचा धोका तुलनेने कमी. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी या दोनपैकी एखादी गोळी असेल, तर पोट बिघडल्यावर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. आधी डॉक्टरांना हृदयाच्या गोळ्यांची यादी दाखवा. अमिओडॅरोनने डिगॉक्सिनची पातळीही वाढते, दोन्ही सोबत असतील तर डिगॉक्सिनचा डोस साधारण निम्मा करावा लागतो.

मॅग्नेशियमची तपासणी आपल्याकडे कुणी सहसा लिहीत नाही, याची मला चीड येते. ते कमी असेल तर पोटॅशियम कितीही द्या, किडनी ते लघवीत सोडून देते आणि आकडा वर येतच नाही. वर्षानुवर्षं चालू असलेल्या पित्ताच्या गोळ्यांनी, म्हणजे पँटोप्रॅझोल-ओमेप्रॅझोल या जातीच्या, मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2011 मध्ये तसा इशाराही दिला होता. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे हृदयाच्या बऱ्याच पेशंटांना पित्ताची गोळी कायमची लागलेली असते, आणि कधी कधी ती का सुरू केली होती हे कुणालाच आठवत नाही.

आता स्पायरोनोलॅक्टोन. ती बंद केली म्हणजे ती वाईट होती असं नाही. 1999 च्या रेल्स या मोठ्या चाचणीत, पंपिंग खूप कमी असलेल्या पेशंटांमध्ये तिने मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांनी कमी केलं. पण त्या चाचणीत पोटॅशियम 5 च्या वर किंवा क्रिएटिनिन 2.5 च्या वर असलेल्यांना घेतलंच नव्हतं, आणि सरासरी डोस 26 मिलिग्रॅम होता. निकाल आल्यावर सगळीकडे ती सर्रास लिहिली जाऊ लागली. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात हार्ट फेल्युअरच्या वयस्कर पेशंटांमध्ये पोटॅशियम वाढल्यामुळे भरती होण्याचं प्रमाण 1994 मध्ये हजारी 2.4 होतं, ते 2001 पर्यंत हजारी 11 झालं. गोळी तीच, पण चाचणीतली निवड आणि तपासण्यांची शिस्त बाहेर राहिली नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच एकत्र गोळ्यांत फ्युरोसेमाइड 20 सोबत स्पायरोनोलॅक्टोन 50 मिलिग्रॅम असते. क्लिअरन्स 38 असलेल्या 52 किलोच्या माणसाला मी 50 देत नाही. शिवाय एकत्र गोळीत एक वाढवून दुसरी कमी करायची सोयच नसते, अर्धी करा तर दोन्ही अर्ध्या होतात. म्हणून पोटॅशियम 5 च्या खाली येऊन क्रिएटिनिन पूर्वपदावर आलं की वेगळी गोळी, साडेबारा किंवा 25, पुन्हा सुरू करता येईल का, हे आवर्जून विचारा. बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करायचं राहून जातं आणि पेशंट एका चांगल्या औषधाला कायमचा मुकतो, हे मी खूप बघते. सुरू केली तर एका आठवड्याने, मग महिन्याने पोटॅशियम-क्रिएटिनिन, पुढे दर तीन-चार महिन्यांनी. साधारण रीत अशी की 5.5 च्या वर गेलं तर डोस निम्मा, 6 च्या वर गेलं तर बंद.

5.8 खरंच 5.8 होतं का, हाही प्रश्न आहे. दंडाला पट्टा घट्ट बांधून मूठ उघड-मीट करायला लावली, नस सापडेना म्हणून सुई दोनदा फिरवली, किंवा नमुना कलेक्शन सेंटरवर तासन् तास पडून राहिला, की स्नायूंतलं किंवा लाल पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा फुगतो. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘नमुना हिमोलाइज्ड’, म्हणजे लाल पेशी फुटलेल्या, असं लिहिलेलं आहे का, तेवढं बघा. तुमच्या बाबतीत सिरप आणि क्रिएटिनिन दोन्ही साक्ष देतायत, त्यामुळे मी तो खराच धरते. पण गोळ्या न बदलता, तब्येत बरी असताना अचानक 6 आलं तर आधी ईसीजी काढायचा आणि लगेच दुसरा नमुना द्यायचा.

स्वयंपाकघराकडे वळू. शहाळ्याच्या शंभर मिलीत साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, त्यामुळे आत्ता शहाळं नको. पोटॅशियम पुन्हा जागेवर आल्यावर आठवड्यातून एखादं प्यायला हरकत येणार नाही, पण ते डॉक्टरांना विचारून. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये सर्वसाधारण लोकांसाठी त्याची शिफारस केली, पण किडनीचा त्रास असलेल्यांना त्यातून वगळलं. सुनेने सासऱ्यांच्या काळजीपोटी ते मीठ आणलं आणि पोटॅशियम चढलं, असं घडतं. उपवासाचं सैंधव मीठ म्हणजे बहुतांशी साधं सोडियम क्लोराइडच, ते जास्त चालेल हा गैरसमज. एकादशीला मात्र रताळी, बटाटा, खजूर, शेंगदाणे हे सगळं एका दिवसात पोटात जातं आणि सगळ्यात पोटॅशियम भरपूर. उलट दिशेला ज्येष्ठमध: खोकल्यासाठी रोज काढा घेत राहिलं तर त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं, अंगावर पाणी धरतं. डिगॉक्सिन चालू असलेल्या घरात तो काढा नकोच.

गुडघेदुखीच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असलेल्या, या पेशंटांना देऊच नयेत. त्या किडनी दाबतात, पोटॅशियम वाढवतात आणि अंगावर पाणी धरायला लावतात. लघवीच्या इन्फेक्शनसाठी दिलं जाणारं ट्रायमेथोप्रिम-सल्फाही रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोनच्या जोडीला पोटॅशियम झपाट्याने वाढवतं.

पुढच्या वेळी पोट बिघडलं तर काय करायचं, हे आत्ताच डॉक्टरांकडून लिहून घ्या. माझ्या पेशंटांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी ते लिहून देते. साधारण असं असतं: दिवसभरात चार-पाचपेक्षा जास्त पातळ जुलाब, किंवा पाणीही टिकत नाही अशा उलट्या झाल्या तर लघवीची गोळी, रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन त्या दिवशी थांबवून फोन करायचा, डिगॉक्सिन फोनवर विचारल्याशिवाय द्यायची नाही, मेटोप्रोलॉल एकदम तोडायची नाही, नीट जेवण-पाणी सुरू होऊन एक-दोन दिवस गेले की विचारून गोळ्या परत सुरू. हे सगळ्यांना सरसकट लागू नाही. कुणाच्या पायावर मुळातच खूप सूज असते, त्याची लघवीची गोळी थांबवली तर दोन दिवसांत धाप लागते. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी वडिलांपुरतं ठरवलेलं हवं. साखर-मिठाच्या पाण्यात पोटॅशियम नसतं. पाकिटातल्या ओआरएसमध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या सूत्राप्रमाणे, लिटरला 20 मिलिइक्विव्हॅलंट असतं, म्हणून जुलाबात ते बरं, किती प्यायचं ते विचारून. प्रवासात सारखं उतरावं लागतं म्हणून बरेच जण लघवीची गोळी दोन-तीन दिवस आपणच सोडतात आणि स्पायरोनोलॅक्टोन-रॅमिप्रिल चालू ठेवतात. तसं करू नका, गोळीची वेळ बदलून मिळते.

या लक्षणांत वाट बघायची नाही: चक्कर येऊन पडणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी, नाडी मिनिटाला 50 च्या खाली किंवा एकदम अनियमित, पायांत उठता येणार नाही इतका अशक्तपणा, लघवी जवळजवळ बंद होणं, सगळं पिवळसर दिसणं, छातीत धडधड. पोटॅशियम साडेसहाच्या घरात असूनही माणूस खुर्चीत गप्पा मारत बसलेला असू शकतो, त्यामुळे त्रास नाही म्हणजे सगळं ठीक असं धरू नका. अशा वेळी जिथे ईसीजी आणि तासाभरात पोटॅशियम होतं अशा दवाखान्यात थेट जा. जाताना फाइलसोबत घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी न्या, काढे आणि परस्पर आणलेल्या गोळ्यांसकट.